आम्स्टरडॅमचे रस्ते सायकलवरून कसे शिकावेत: सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहण्यासाठी सांगली-मिरजेकडून नेदरलँड्सला जाणाऱ्याने आम्स्टरडॅममध्ये सायकल घ्यावीच. मात्र पहिल्याच दिवशी सायकलवर टांग टाकून गर्दीत शिरू नये. शहर सपाट आहे, त्यामुळे सांगलीकराच्या पायांना त्रास नाही, आणि साताऱ्याच्या माणसाला तर तिथले कालव्यावरचे पूल हे चढ वाटणारही नाहीत. खरी अडचण आहे ती उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची. म्हणून आधी अंगातली सवय बदलावी आणि मगच नकाशाच्या मागे लागावे, असा क्रम मी सुचवेन.

निघण्यापूर्वी, सांगलीतच

उजव्या बाजूने चालवण्याचा सराव इथल्या रस्त्यावर चुकूनही करू नये. त्यासाठी सकाळी मोकळे मैदान गाठावे, फक्कीने एक चौक आणि एक वर्तुळ आखावे आणि तिथे उजवीकडे आखूड, डावीकडे लांबचे वळण घेऊन पाहावे. वर्तुळाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेरी घालावी. एका हाताने हँडल सरळ धरून दुसरा हात बाजूला काढणे आणि त्याच वेळी डाव्या खांद्यावरून मागे पाहणे जमेपर्यंत हा सराव सोडू नये, कारण तिथे वळण्यापूर्वी हात दाखवणे नियमाचा भाग आहे.

एका बारीक गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आपण सायकलच्या डाव्या बाजूला उभे राहून चढतो आणि उतरतो. आपल्याकडे ती रस्त्याच्या कडेची बाजू असल्याने हे सुरक्षित असते, पण तिथे तीच बाजू मागून येणाऱ्या सायकलींकडे असते. त्यामुळे पळत जाऊन टांग टाकण्याची सवय मोडावी. सायकल कडेला घेऊन, सीटच्या पुढे दोन्ही पाय टेकून उभे राहावे, मागे पाहावे आणि मगच निघावे.

सायकल घेताना

पहिले काही दिवस भाड्याची सायकल बरी. तिथल्या अनेक साध्या सायकलींना हँडलवर मागचा ब्रेक नसतो. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून पायाखाली आणण्याची आपली रीत या सायकलीवर चालत नाही. म्हणून थांबतानाच एक पायडल वर, किंचित पुढे राहील असे थांबावे. नाहीतर हिरवा दिवा लागल्यावर निघताना तोल जातो आणि मागचे लोक घंटा वाजवू लागतात. सीट दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी खाली करून मागावी. तिथली माणसे उंच असल्याने सायकलीही उंच असतात. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा लागतो, आणि तो लुकलुकणारा चालत नाही.

पहिल्या फेऱ्या

शहराच्या मध्यभागात सुरुवात करू नये. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या मागून आय या जलमार्गावरची नाव सुटते. तिचे तिकीट लागत नाही आणि सायकल सोबत नेता येते. पलीकडच्या उत्तर भागात ट्राम नाहीत आणि गर्दीही कमी असते, त्यामुळे नवख्याने तिथे शिकावे. दुसरी सोयीची जागा म्हणजे फोंडेलपार्क. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात सायकलींना मुभा आहे, पण जायचे ते भल्या सकाळी; दुपारी तिथे पर्यटकांची झुंबड असते.

इथे चार गोष्टी डोळ्यांत मुरवून घ्याव्यात. सायकलींची वाट बहुधा तांबूस रंगाची असते. तिच्यावर उजव्या कडेने चालावे आणि पुढच्याला डावीकडून ओलांडावे. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. त्यांची टोके आपल्याकडे असतील तर आडव्या रस्त्याने येणाऱ्यांना वाट द्यायची. त्रिकोण, फलक किंवा सिग्नल काहीच नसलेल्या चौकात उजवीकडून येणारे वाहन आधी जाते, आणि ट्रामला मात्र कोणत्याही बाजूने येवो, वाट द्यावीच लागते. मोठ्या चौकात डावीकडे जायचे असेल तर मध्ये न घुसता आधी सरळ पलीकडे जावे, तिथे थांबून सायकलींच्या सिग्नलकडे पाहावे आणि मग दुसरा रस्ता ओलांडावा.

ट्रामच्या रुळांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण नवखा माणूस पडतो तो बहुतेक तिथेच. रुळाच्या खाचेत पुढचे चाक अडकले की हँडल वळत नाही आणि सायकल आडवी होते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत, त्यासाठी थोडे वळसा घेऊन यावे लागले तरी चालेल. पाऊस पडून गेल्यावर रुळावर ब्रेक दाबू नये.

शहर डोक्यात बसवणे

सांगलीत आपण मिरजेकडे जाणारा रस्ता कणा धरतो आणि विश्रामबागेच्या अलीकडे, पलीकडे असे करत बाकीच्या वस्त्या जागेवर बसवतो. आम्स्टरडॅममध्ये हे काम कालवे करतात. जुन्या शहराभोवती ते अर्धवर्तुळात एकामागून एक आहेत: आतून बाहेर सिंगल, हेरेनग्राख्ट, कैझर्सग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्ट. हा क्रम पाठ असला की शहराच्या पोटात चाललो आहोत की बाहेर, हे दोन पूल ओलांडताच कळते.

घरांचे क्रमांक तर याहून उपयोगी. या कालव्यांवर क्रमांक वायव्येकडच्या ब्राउवर्सग्राख्ट या कालव्याच्या बाजूने सुरू होऊन आम्स्टेल नदीकडे वाढत जातात. विषम क्रमांक शहराच्या आतल्या काठावर आणि सम क्रमांक बाहेरच्या काठावर असतात. दुसऱ्या महायुद्धात डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीचे कुटुंब नाझींपासून जिथे लपले होते ते घर प्रिन्सेनग्राख्ट २६३, म्हणजे आतल्या काठावर, वेस्टरकेर्क चर्चच्या शेजारी. चर्चचा उंच मनोरा दुरून दिसत असल्याने वाट चुकलेल्याला तो खुणेला चांगला आहे.

घरापासून मंडई किंवा कॉलेजपर्यंतचा एकच रस्ता आधी जाता-येता पक्का करावा आणि मग रोज एखाद्या नव्या बोळातून परतावे. जातानाचा आणि येतानाचा रस्ता वेगळा दिसतो, म्हणून येताना मुद्दाम थांबून मागे वळून पाहावे. फोनवरचा नकाशा पाहायचा असेल तर सायकल वाटेवरून पूर्ण बाजूला घ्यावी. १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरण्याला तिथे बंदी आहे. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे लांब फिरायला जाताना शक्यतो तोंड त्या दिशेला ठेवावे. दमल्यावर परतताना तोच वारा पाठीशी येतो.

सायकल लावताना दोन कुलुपे वापरावीत: एक मागच्या चाकाचे आणि दुसरे जाड साखळीचे, फ्रेम आणि पुढचे चाक लोखंडी कठड्याला जखडणारे. स्थानकासमोर २०२३ मध्ये पाण्याखाली सुमारे ७००० सायकलींचे तळघर सुरू झाले असून पहिले २४ तास तिथे पैसे पडत नाहीत. सायकल ठेवल्यावर रांगेचा क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवावा, कारण एकसारख्या काळ्या सायकलींत आपली शोधून काढणे सोपे नसते.