गोष्ट नसलेली फिल्म पहिल्यांदा बघताना

एडिटिंग शिकायला सुरुवात केली तेव्हा एक्सपरिमेंटल शॉर्ट फिल्म म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्याच पडायच्या, कारण गोष्ट नाही, पात्रं नाहीत, मग बघायचं काय? क्लासमध्ये अमेरिकन फिल्ममेकर स्टॅन ब्रॅकेजची 'मॉथलाइट' लावली, १९६३ ची, तीन-चार मिनिटांची, पूर्ण मूक. सुरुवातीला मी नुसती संपायची वाट बघत होते आणि मग मध्येच एक पंख ओळखू आला, पतंगाचा, शिरांसकट, आणि दिसतोय दिसतोय म्हणेपर्यंत गेलापण. त्यानंतर शेवटपर्यंत मान हलवली नाही मी.

मग कळलं की ही कॅमेऱ्याशिवाय केलीये. पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती दोन पारदर्शक टेपच्या मध्ये चिकटवायची आणि लॅबमध्ये त्या पट्टीची प्रिंट काढायची, बास.

घरी एकेक फ्रेम, म्हणजे फिल्ममधलं एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत बघितली तेव्हा खरी उलगडली. १६ एमएम (१६ मिलिमीटर रुंद) फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणजे एक फ्रेम जेमतेम पाऊण सेंटीमीटर, आणि गवताचं पातं त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे त्याचा एक तुकडा या फ्रेममध्ये, पुढचा तुकडा पुढच्या फ्रेममध्ये, आणि पडद्यावर ते थरथरत पळाल्यासारखं दिसतं. मेलेलं, चिकटवलेलं पातं हो! दोन फ्रेममध्ये काय बदललं की डोळ्याला हालचाल वाटते हे मला एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर कधी समजलं नव्हतं ते इथे समजलं.

तुम्ही नवीन असाल तर अशी फिल्म आधी काहीही न वाचता बघा, मोठ्या स्क्रीनवर, खोलीत अंधार करून, आणि मूक असेल तर प्लीज मागे गाणं लावू नका, सगळी लय बिघडते. (फ्लिकरने, म्हणजे उजेडाच्या लुकलुकण्याने, त्रास होत असेल, मायग्रेन किंवा फिट येत असेल, तर मात्र आधी चौकशी करा.) अर्थ शोधत बसू नका, फक्त लक्षात राहिलेल्या तीन गोष्टी लिहा, मग ती कशी बनवली ते वाचा आणि परत बघा. दुसऱ्यांदा बघणं सोडू नका, माझं तरी सगळं शिकणं तिथेच झालं.

आणि स्वतः करून बघा. पारदर्शक टेपमध्ये वाळलेली पानं, पिसं दाबायची, मागून पांढरा लाइट, मोबाइल स्टँडवर, टेप थोडी थोडी सरकवत फोटो काढायचे आणि ते ओळीने जोडून व्हिडिओ करायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांना १२० लागतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो, माझी पहिली खेप अशीच वाया गेली. दुसऱ्या खेपेला पिसाच्या कडेचे बारीक तंतू स्क्रीनवर सळसळताना दिसले आणि मी ते १० सेकंद लूपवर लावून कितीतरी वेळ बघत बसले.