पहिल्या उघडणीचे प्रश्न आधीच मिटवण्यासाठी: कार्यालयांत ऑफिस सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वीची तयारीची यादी

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेच्या शाखेत नवा संगणक आला, की वर्ड किंवा एक्सेल पहिल्यांदा उघडणाऱ्या लिपिकासमोर प्रश्नांच्या खिडक्या येऊ लागतात. परवान्याच्या अटी मान्य आहेत का, शिफारस केलेली सेटिंग लावायची का, कोणत्या खात्याने साइन इन करणार, फाइल कोणत्या प्रकारात साठवायची, असे ते प्रश्न असतात. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार काउंटरवरील माणसाला संस्थेने दिलेला नसतो. समोर दूध बिलाची उचल करायला आलेल्या सभासदांची रांग असताना तो जे बटण आधी दिसेल ते दाबतो, आणि प्रत्येक शाखेतील संगणक वेगळ्याच पद्धतीने चालू लागतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि मदत) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक कार्यालयांना नवी आवृत्ती बसवावी लागत आहे, म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

सर्वप्रथम मुख्य कार्यालयाने निर्णय घ्यावेत आणि ते कागदावर उतरवावेत. परवान्याच्या अटी कोणीतरी खरोखर वाचाव्यात, कारण पुढे त्या सर्व संगणकांवर संस्थेच्या नावाने एकदाच मान्य होणार आहेत. बाहेरच्या कार्यालयांशी देवाणघेवाण कोणत्या फाइल प्रकारात होते ते पाहून तोच प्रकार मूळ प्रकार म्हणून ठरवावा. निदानात्मक माहिती (सॉफ्टवेअर कसे चालते याची मायक्रोसॉफ्टकडे जाणारी नोंद) किती पाठवायची आणि मजकूर तपासण्यासाठी तो बाहेर पाठवणाऱ्या ऑनलाइन सुविधा चालू ठेवायच्या का, हे ठरवताना त्या फाइलींत सभासदांचे आधार क्रमांक आणि कर्जाचे तपशील असतात हे विसरू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झालेल्या देशात हा निर्णय लिपिकावर सोडणे मला अयोग्य वाटते.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस डिप्लॉयमेंट टूलसाठी (अनेक संगणकांवर ऑफिस एकसारखे बसवणारे साधन) कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे काय आणि कसे बसवायचे याच्या सूचनांची फाइल, तयार करावी. तिच्यातील डिस्प्ले या घटकात लेव्हल ‘नन’ आणि ॲक्सेप्ट-युला (परवान्याच्या अटींची संमती) ‘ट्रू’ असे लिहिले, की बसवताना एकही खिडकी दिसत नाही आणि अटींची संमती आधीच नोंदली जाते. जुनी आवृत्ती काढण्याची सूचनाही याच फाइलमध्ये देता येते. उघडी ॲप्स सक्तीने बंद करणारा पर्याय मात्र शाखा बंद असतानाच वापरावा, कारण न साठवलेले काम त्यात जाऊ शकते. मराठी भाषेचा संच हवा असल्यास सोबत इंग्रजीही घ्यावी, कारण मराठीचा संच अंशतः भाषांतरित आहे.

खरी गफलत यापुढे होते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. सॉफ्टवेअर संगणकावर बसते, पण पहिल्या उघडणीच्या बहुतेक खुणा रजिस्ट्रीच्या (विंडोज आपली सेटिंग जिथे साठवते त्या नोंदवहीच्या) त्या भागात राहतात जो प्रत्येक युजरचा स्वतंत्र असतो. तंत्रज्ञ स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने सर्व खिडक्या बंद करून समाधानाने निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी रोखपालाने स्वतःच्या नावाने लॉगिन केल्यावर त्याच खिडक्या पुन्हा उभ्या राहतात. संस्थेकडे डोमेन सर्व्हर (सर्व संगणक आणि लॉगिन एका ठिकाणाहून सांभाळणारा सर्व्हर) असेल, तर ऑफिसचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट (ऑफिसच्या सेटिंगची तयार यादी) उतरवून ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व संगणकांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतून, पहिल्या उघडणीचा परिचय, शिफारस केलेल्या सेटिंगची खिडकी आणि फाइल प्रकाराची विचारणा बंद करावी. डोमेन नसेल, तर हीच सेटिंग कॉन्फिगरेशन फाइलच्या ॲप-सेटिंग्ज भागात लिहावी. ती त्या संगणकावरील सध्याच्या आणि पुढे येणाऱ्याही सर्व युजरना लागू होते, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्गणीवर मिळणारे ऑफिस) आधीच बसलेले असेल तर ‘कस्टमाइझ’ आज्ञेने ते पुन्हा न बसवता लावता येते. डीफॉल्ट युजरच्या प्रोफाइलमध्ये (ज्या नमुन्यावरून प्रत्येक नव्या युजरची सेटिंग बनते त्यात) नोंदी घालण्याचा जुना मार्गही चालतो, पण तो फक्त नव्या युजरपुरता. ज्याने आधी लॉगिन केलेले आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. लोकल ग्रुप पॉलिसीचे संपादक विंडोज होम आवृत्तीत मिळत नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच प्रो आवृत्तीचा आग्रह धरावा. रजिस्ट्रीचा १६.० हा मार्ग २०१६ पासून २०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांना आणि ३६५ लाही सारखाच आहे, त्यामुळे जुन्या नोंदी वाया जात नाहीत.

प्रत्येक खिडकी दडपायची नसते. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा परवाना युजरच्या खात्याशी जोडलेला असल्याने तेथे साइन इन रोखले, तर ॲक्टिव्हेशनच अडते. साइन इन बंद करण्याची पॉलिसी व्हॉल्यूम परवान्याच्या (संस्थेने अनेक संगणकांसाठी एकत्र घेतलेल्या, युजरच्या खात्याशी न जोडलेल्या परवान्याच्या) संगणकांपुरती ठेवावी. एकाच काउंटरवर पाळीपाळीने अनेकजण बसत असतील, तर सामायिक संगणकाचे ॲक्टिव्हेशन निवडावे. मॅक्रोची (फाइलीत दडलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञांची) सूचना आणि ईमेलने आलेल्या फाइलींचा संरक्षित दृश्याचा (फाइल फक्त वाचण्यापुरती उघडणारा) पट्टा यांना कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. त्रास कमी व्हावा म्हणून कर्मचाऱ्यांनी कितीही विनंती केली तरी नाही.

ज्या संस्था लिबरऑफिस (मोफत मिळणारे ऑफिस सॉफ्टवेअर) वापरतात, त्यांनी त्याची एमएसआय फाइल (विंडोजवरील इन्स्टॉलेशनची फाइल) एकही खिडकी न दाखवता बसवून रोजची टीप दाखवणारी सेटिंग रजिस्ट्रीच्या पॉलिसी भागातून बंद करावी आणि ती अंतिम म्हणून, म्हणजे युजरला बदलता येणार नाही अशी, नोंदवावी. तेथे नोंद पूर्ण संगणकासाठी असल्याने काम सोपे आहे.

तारीख ठरवताना मार्चअखेर आणि दहा दिवसांच्या दूध बिलांचे दिवस टाळावेत. इन्स्टॉलेशनच्या फाइली काही जीबींच्या असतात, आणि पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी वाढले की गगनबावड्याचा रस्ता बंद पडतो. म्हणून जूनपूर्वीच त्या प्रत्येक दूरच्या शाखेत स्थानिक प्रतीच्या रूपाने पोहोचवाव्यात आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्रोताचा मार्ग त्या प्रतीकडे वळवावा.

शेवटची चाचणी ॲडमिन लॉगिनने करू नये. साध्या अधिकारांचा नवा युजर तयार करावा, त्याच्या नावाने वर्ड, एक्सेल आणि आउटलुक उघडावे, जी खिडकी येईल तिचे छायाचित्र घ्यावे, आणि मग आधीपासून वापरात असलेल्या एका लॉगिनवर तेच पुन्हा करावे. दोन्हीकडे मुद्दाम चालू ठेवलेल्या खिडक्यांखेरीज (उदा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे साइन इन) दुसरा कोणताही प्रश्न न येता ॲप उघडले, तरच ती कॉन्फिगरेशन फाइल तारखेसह जपून ठेवून पुढच्या शाखेकडे पाठवावी.