मुलांना प्लास्टिकचं रीसायकलिंग शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यात चिवट चूक त्रिकोणाची. बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण दिसला की ‘हे रीसायकल होतं’ असं सांगून मोकळं व्हायचं. १९८८ साली हे चिन्ह आलं ते फक्त प्लास्टिकची जात सांगायला: १ पेट (पाण्याच्या बाटल्यांचं), २ एचडीपीई, ३ पीव्हीसी (पाइपांचं), ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे उरलेलं सगळं. बाणांमुळे गैरसमज होतो म्हणून २०१३ मध्ये बाणांऐवजी साधा त्रिकोण ठरला, तरी जुने बाण अजून सर्रास दिसतात. आकडे पाठ करून घेऊ नका. वस्तू हातात द्या, आकडा शोधू द्या आणि ‘हे भंगारात कुणी घेतं का’ याची चौकशी मुलांनाच करू द्या.

दुसरी चूक, कोणतं प्लास्टिक पाण्यात बुडतं आणि कोणतं तरंगतं यावरून जात ओळखायच्या प्रयोगातली घाई. पेट बुडतं (पाण्याची घनता १ धरली तर याची सुमारे १.३८), झाकणाचं एचडीपीई किंवा पीपी तरंगतं (०.९ ते ०.९७). वर्गात होतं काय, तर बाटलीचे तळहाताएवढे वाकडे तुकडे पाण्यात पडतात, पोटात हवा धरून ऐटीत तरंगतात. मुलं हसतात, शिक्षक म्हणतात, ‘खरं तर बुडायला हवं होतं.’ संपला तास! तुकडे एक सेंटिमीटरचे कापा, लेबल आणि गोंद काढा, पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाका आणि प्रत्येक तुकडा चमच्याने बुडवून सोडा. बुडबुडे सुटले की पेट तळाशी जातं.

मग ६ आकड्याच्या कडक डब्याचा तुकडा टाका (थर्माकोल नको, त्यात हवाच हवा). तोही बुडेल. आता लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. पॉलिस्टायरीन वर येतं, पेट खालीच राहतं. पीव्हीसीसुद्धा तळाशीच राहतं, म्हणजे पाण्याने ही दोन वेगळी होत नाहीत, आणि खरा धडा इथे आहे. पेट वितळतं साधारण २५० ते २६० अंशांना. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सुटतो आणि पेटचा माल खराब होतो. वेगळं का करायचं, हे मग सांगत बसावं लागत नाही.

मेणबत्तीवर तुकडा जाळून जात ओळखायची? मुलांसमोर अजिबात नाही.

बाटलीला रंग फासून, चमकी चिकटवून केलेला पेनस्टँड हा पुनर्वापर झाला, रीसायकलिंग नव्हे. त्या लेपामुळे पुढे रीसायकल व्हायची शक्यताही जवळपास संपते.

‘जास्त बाटल्या आणेल त्याला बक्षीस’ ठेवलंत, तर मुलं भरलेल्या बाटल्या घाईघाईने रिकाम्या करून आणतील.

धुवायला लावताना चकचकीतपणाचा हट्ट नको. घोटभर पाणी, झाकण लावून हलवणं, ओतणं, निथळवणं एवढं पुरे.

वर्गीकरणाला दोनच डबे ठेवले की मुलं अंदाजपंचे टाकतात. ‘खात्री नाही’ असा तिसरा डबा ठेवा. वेफर्सची चंदेरी पाकिटं बहुतेक त्यातच जमतात: प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, नखाने खरवडूनही थर सुटे होत नाहीत. एकेक पाकीट हातात द्या आणि खरवडून बघू द्या.