रेडिओवर क्रिकेटचं मराठी समालोचन करायचं असेल तर

गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत भोंग्यावर बोलणारी मुलं मला नेहमी विचारतात, रेडिओसाठी वेगळं काय लागतं? आवाज त्यांच्याकडे असतो, शब्दही असतात. पण भोंगा ऐकणारा मैदानाच्या कडेलाच उभा असतो, षटकार त्याने पाहिलेला असतो. रेडिओ ऐकणाऱ्याला मात्र तुम्ही सांगाल तेवढंच दिसतं.

म्हणून आधी मैदान उभं करा. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर असाल तर सारसबाग कुठल्या हाताला, वारा कुठून, कुठली सीमारेषा जवळची, हे सुरुवातीलाच सांगा आणि दिवसभर त्याच खुणा वापरा.

चेंडू हातातून सुटला की वाक्यं तोडायची. "आखूड टप्पा, ऑफ स्टंपच्या बाहेर. मागे सरकला, कट केला. पॉइंटच्या डावीकडून चेंडू गेला. थर्ड मॅन धावतोय, अडवला. दोन धावा, तिसरी नाही. ३ बाद ७४." फटका किती देखणा होता, हे चेंडू थांबल्यावर सांगा. आधी चेंडू गेला कुठे ते.

शेवटचा आकडा, म्हणजे धावसंख्या, कधीही विसरू नका. दर चेंडूला नाही जमलं तरी षटकात दोन-तीनदा आलाच पाहिजे. कुणी एसटीत, कुणी गोठ्यात, त्याच क्षणी रेडिओ लावलेला असतो. त्याला धावफलकासाठी ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही.

बॉबी तल्यारखान मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचं (धर्मावर आधारलेल्या पाच संघांच्या जुन्या स्पर्धेचं) इंग्रजी समालोचन दिवसभर एकटे करायचे, जोडीला कुणी नको म्हणायचे. नवख्याने तो मार्ग धरू नये. अर्ध्या तासाने माइक जोडीदाराकडे द्यावा. मराठीत माझ्या पिढीचे कान तयार केले ते बाळ ज. पंडितांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. गोलंदाजाने क्षेत्ररचना का बदलली, हे खेळलेला माणूस चटकन ओळखतो. तुम्ही खेळला नसाल तर सकाळी नेट्सपाशी जाऊन उभे राहा, प्रशिक्षकाला विचारा.

सरावाला टीव्हीचा आवाज बंद करा, दहा षटकं बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग सामना न पाहिलेल्या कुणाला तरी ते ऐकवा. त्याच्या हातात मैदानाचा गोल काढलेला कागद द्या आणि प्रत्येक चेंडू कुठे गेला ती रेघ मारायला सांगा. रेघा चुकल्या तर तुमचं वर्णन कमी पडलं. यापेक्षा कडक परीक्षा मला माहीत नाही.

माइक तोंडापासून मूठभर लांब, वाऱ्याकडे पाठ. त्रिफळा उडाला की एवढंच सांगा आणि क्षणभर थांबा. प्रेक्षकांचा गलका श्रोत्याला ऐकू द्या.

पावसाने खेळ थांबला तर त्याच शहराचा इतिहास हाताशी असावा. पुणे क्लबच्या मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा एका डावातल्या सर्वाधिक धावांचा, ४५२ चा विक्रम टप्प्यात आला होता, पण काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं. असे प्रसंग वहीत लिहून ठेवा, कारण ऐनवेळी आकडे आठवत नाहीत.

आणि स्कोअरर अगदी शेजारी बसवा. तो वहीवर बोट ठेवेल, तुम्ही वाचाल. आकडा विचारायला माइकपासून तोंड वळवायची वेळ येऊ नये.