या चुका टाळा: पेशीचा सांगाडा हाडांसारखा नसतो

इंदूरला लोकमान्य नगरात माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं बायोलॉजी शिकायला येतात, घरी मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्लिश, आणि सायटोस्केलेटन, म्हंजे पेशीच्या आतला प्रोटीनच्या तंतूंचा सांगाडा, आलं की दरवर्षी त्याच त्या चुका. त्यातली पहिली तर खास आपल्या इकडच्या मुलांची. मराठीत पेशी म्हंजे सेल. हिंदीच्या पुस्तकात पेशी म्हंजे मसल, आपण ज्याला स्नायू म्हणतो तो, आणि हिंदीतला स्नायु परत तिसरंच काहीतरी, लिगामेंट. मग मी "पेशीचा सांगाडा" म्हटलं की हिंदी मीडियमचं मूल वहीत हाडं आणि दंडाचे स्नायू काढून मोकळं होतं, आणि त्याची खरंच काही चूक नसते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवा: सेल, मराठीत पेशी, हिंदीत कोशिका. पुढचं सगळं सोपं जातं.

आता सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बऱ्याच हिच्यातूनच निघतात. सांगाडा म्हटलं की डोळ्यासमोर हाडं येतात, एकदा तयार झाली की जागच्या जागी. पेशीतला सांगाडा तसा नाहीच. तो गणपतीच्या मांडवासारखा समजा, बल्ल्या उभ्या करायच्या, दोरीने बांधायच्या, काम झालं की सोडायच्या आणि त्याच बल्ल्या दुसरीकडे वापरायच्या. आणि समजा कोणी मागच्या टोकाच्या बल्ल्या काढून पुढच्या टोकाला रोवत गेलं तर अख्खा मांडव गल्लीत पुढे सरकेल ना, पांढरी रक्तपेशी जंतूच्या मागे जाते ती साधारण अशीच. पुढच्या कडेला अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे तंतू वाढतात, पेशीच्या पडद्याला आतून ढकलतात, मागचे सुटतात, सुटलेले तुकडे परत पुढे वापरले जातात. म्हंजे आधार देणं आणि हालचाल करणं ही दोन वेगळी कामं म्हणून पाठ करू नका, बांधणं-सोडणं हीच हालचाल आहे.

सांगाड्यातल्याच दुसऱ्या प्रकारच्या तंतूचं, मायक्रोट्यूब्यूलचं, तर याहून भारी. ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या जोड्या एकावर एक लागून पोकळ नळी होते, बहुतेक वेळा 13 ओळींची, जाडी साधारण 25 नॅनोमीटर. ती हळूहळू वाढत जाते आणि मधेच धडाधड कोसळते, शेजारचीच दुसरी मात्र वाढतच असते. हे मिचिसन आणि कर्शनर यांनी 1984 साली दाखवलं, त्याला डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी म्हणतात. मुलं विचारतात एवढं बांधून पाडायचं कशाला, नासाडीच ना. नाही. सेल डिव्हिजनच्या वेळी क्रोमोसोम कुठे आहे हे नळीला माहीत नसतं, ती वाढून बघते, नाही सापडला तर कोसळून दुसऱ्या दिशेला वाढते, सापडला की टिकते.

इथेच औषधांच्या प्रश्नात मार्क जातात. आपल्या अंगणातली सदाफुली, तिच्यातून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कॅन्सरची औषधं मिळतात, ती ट्युब्युलिनला नळी बांधू देत नाहीत. कळलावीतलं कोल्चिसिनही तेच करतं, पण कळलावी फार विषारी आहे, प्रयोगाला म्हणूनसुद्धा हात लावू नका. टॅक्सॉल, हेही कॅन्सरचंच औषध, मात्र उलटं, ते नळी मोडूच देत नाही. मुलं ही सगळी एका रांगेत "मायक्रोट्यूब्यूल तोडतात" म्हणून लिहितात. चुकीचं आहे, टॅक्सॉलने नळ्या शाबूत राहतात, आणि डिव्हिजन तरीही अडकतं. पक्का न हलणारा सांगाडा पेशीला तेवढाच घातक, हे या एका औषधातून जितकं कळतं तितकं दहा डायग्राम काढून कळत नाही.

अजून एक, स्नायू आखडतो तेव्हा अ‍ॅक्टिन आखूड होतं असं लिहू नका. तंतूंची लांबी तीच राहते, मायोसिन नावाचं मोटर प्रोटीन त्यांना ओढतं आणि ते एकमेकांवरून सरकतात. बॅक्टेरियाचा फ्लॅजेला आणि आपल्या स्पर्मची शेपूट, नाव एक असलं तरी गोष्टी वेगळ्या, आपल्यात 9+2 नळ्या (कडेला नऊ जोड्या, मधे दोन) आणि डायनीन हे मोटर प्रोटीन, ती वाकते, बॅक्टेरियात फ्लॅजेलिनचा तंतू, तो बुडाशी मोटरने गोल फिरतो. आणि कायनेसिन-डायनीन ही मोटर प्रोटीन पेशीत रुळांवरून माल नेतात ते मायक्रोट्यूब्यूलवरूनच (कायनेसिन बहुतेक बाहेरच्या दिशेने, डायनीन आतल्या), सांगाड्यातला तिसरा तंतू इंटरमिजिएट फिलामेंट, त्याच्यावर कोणी चालत नाही, त्याला दिशाच नसते, त्याचं काम ताण सोसायचं. कातडीतलं केराटिन त्यातलंच, ते बिघडलं की नुसत्या घासण्याने फोड येणारा आजार होतो.

आता स्लाइडबद्दल, कारण "मॅडम काहीच दिसत नाही" हे मी सगळ्यात जास्त ऐकते. आधी अपेक्षा नीट करा. अ‍ॅक्टिनचा तंतू 7 नॅनोमीटरचा, शाळेचा मायक्रोस्कोप 200 नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दाखवूच शकत नाही, त्यामुळे धागे शोधत डोळे दुखवू नका. दिसतो तो त्याचा परिणाम, म्हंजे पेशीतला माल वाहताना दिसतो, त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून हायड्रिला ही पाणवनस्पती आणा, शेंड्याजवळचं कोवळं पान घ्या, मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी बघा. जानेवारीत सकाळी गार पाण्यातून काढलेलं पान लावलं तर सगळं थिजल्यासारखं दिसतं, तेव्हा पान कोमट, गरम नाही, पाण्यात दहा-पंधरा मिनिटं दिव्याखाली ठेवा आणि मग बघा. कव्हरस्लिप बोटाने दाबू नका, पेशी मरतात. पाणी सुकू देऊ नका.

आणि कण जागच्या जागी थरथरताना दिसले म्हणून "स्ट्रीमिंग दिसलं" लिहू नका, ती ब्राउनियन हालचाल, मेलेल्या पेशीतही होते. खरं स्ट्रीमिंग म्हंजे हिरवे क्लोरोप्लास्ट भिंतीला धरून एकामागे एक, एकाच दिशेने जातात, कोपऱ्यावर वळतात आणि परत येतात, मायोसिन अ‍ॅक्टिनवरून चालत ओढून नेतं म्हणून. शंका असेल तर दुसरं पान उकळत्या पाण्यात बुडवून शेजारी लावा, त्यात थरथर दिसली तरी फेरी सापडणार नाही. मग जिवंत पानातला एकच क्लोरोप्लास्ट पकडा, मोबाइलवर टाइम लावा आणि तो फेरी पूर्ण करेपर्यंत नजर हलवू नका.