संगीतात एम. ए. करताना वहीतला राग गळ्यात कसा आणायचा

मिरजेहून पुण्याला एम. ए.ला आले तेव्हा माझ्या गाण्याच्या बाईंनी आठ वर्षांत घोटून घेतलेले बारा-तेरा राग माझ्याकडे होते. पहिल्या सत्राची यादी पाहिली आणि पोटात गोळाच आला. बाईंकडे एकटा यमन दीड वर्ष चालला होता. इथे तेवढ्यात तीन परीक्षा होणार! तुमचंही असंच होईल, म्हणून सांगते.

यादीतले सगळे राग सारखेच तयार करायला जाऊ नका. दोन राग निवडा, गुरूंना सांगा आणि सत्रभर तेच त्यांच्यासमोर बसून गा. विद्यापीठात शिकताय म्हणून गुरूंकडे जाणं सोडू नका. पुण्याच्या ललित कला केंद्राच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे, ते उगाच नाही.

उरलेले राग जोडीनं किंवा त्रिकुटानं घ्या. मारवा, पूरिया, सोहनी यांचंच बघा. तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. वहीत तक्ता करून हे पाठ होतं, पण परीक्षक म्हणतात, “मारवा झाला, आता पूरियात या,” तेव्हा तक्ता कामाला येत नाही. तंबोऱ्याची पहिली तार निषादात लावा आणि प्रत्येक राग दहा-दहा मिनिटं नुसत्या आलापात गा. मारव्यात षड्ज टाळत रिषभ-धैवतावर थांबा. पूरियात गंधार-निषाद धरून मंद्रात उतरा. सोहनीत तार षड्जाभोवती राहा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी मधूनच कुठूनही लावून ऐका. पहिल्या दोन आलापांत राग ओळखू आला नाही, तर तो अजून आपला झालेला नाही. भूप-देशकार या तेच स्वर असलेल्या जोडीलाही मी याच पद्धतीनं घेतलं, आणि देशकाराला महिना लागला. धैवतावर उभं राहायला गेलं की गळा आपसूक भूपाच्या गंधाराकडे घसरायचा.

गाणं कागदावर उतरवायच्या स्वरलिपीच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्राचा, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. एका जुन्या पुस्तकातून मी अख्खा अंतरा खाली-वर उलटा बसवला आणि वर्गात तसाच गायले. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूणही वेगळी: भातखंड्यांकडे फुली, पलुसकरांकडे १. तेव्हा नवी बंदिश उतरवताना पानाच्या कोपऱ्यात पद्धतीचं नाव आधी लिहा.

शास्त्राचा पेपर रुक्ष वाटतो, कारण आपण तो कानाविना वाचतो. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवताना, मी लहानपणापासून पाहिलंय. तार आणि घोडीमधला धागा केसभर सरकला की खर्जाची तार एकदम बोलू लागते आणि तिच्यातून गंधार ऐकू येतो. हाच स्वयंभू गंधार, तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत तिच्यातून आपोआप निघणारा स्वर. ध्वनिशास्त्राचं प्रकरण उघडण्याआधी चांगल्या तंबोऱ्यापाशी अंधारात अर्धा तास बसा. तसंच ग्रंथांचं. शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात लिहिला. आपल्याच मातीत बसून कुणी तरी हे सगळं मांडत होतं, हे मनात ठेवून वाचलं की व्याख्या परक्या वाटत नाहीत.

मंचप्रदर्शनासाठी घड्याळ लावून सराव करा. विलंबित एकतालात एक आवर्तनच, म्हणजे तालाचा एक फेराच, मिनिटभराचा होऊ शकतो, म्हणजे पंधरा मिनिटांत मंद्रापासून तार षड्जापर्यंत पोचायला मोजकीच आवर्तनं हाताशी असतात. कुठल्या आवर्तनात कुठल्या स्वरापर्यंत जायचं, हे घरूनच ठरवून जा. तबलजींना आदल्या दिवशी गाठा, मुखडा दोनदा म्हणून दाखवा आणि लय हातावर टाळी देऊन सांगा. परीक्षेच्या खोलीत गेल्यावर आधी तंबोरा स्वतः लावा, घाई करू नका. कुणी थांबवत नाही.