बाटली उलटी करून वाचा

माझं पार्लर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, घराच्याच छपरीत आहे. बारा वर्षं झाली. लग्नसराईत दिवसाला आठ-दहा डोकी धुते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू शाम्पूची नवी बाटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढी महागाची आणली वं पोरी, तरी केस झाडूवानी काऊन झाले माह्ये?"

बाटलीवर पुढे बदाम, कोरफड, भृंगराज सगळ्यांची चित्रं होती. मी ती उलटी केली. घटकांच्या यादीत आधी पाणी, मग सोडियम लॉरेथ सल्फेट, मग कोकामिडोप्रोपिल बिटेन (ही दोन्ही फेस आणून मळ काढणारी), मग मीठ. पुढे सुगंध, आणि बदामाचं तेल त्या सुगंधाच्याही मागे. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याहून कमी असलेले कसेही. सुगंध साधारण १ टक्क्याच्या आतबाहेरच असतो. त्याच्या मागे बसलेला बदाम नावापुरता. म्हणून मी पहिली पाच नावं वाचते, कारण काम तीच करतात. मग शेवटची पाच-सहा, कारण अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा तिथून येते. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर पोरांना फोनने फोटो काढून मोठा करून द्यायला सांगा.

सल्फेटला उगाच बदनाम केलंय. त्याने कॅन्सर होतो असे मेसेज फिरतात, त्यांना आधार नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा, घाम आणि वर चोपडलेलं तेल असं डोकं माझ्याकडे आलं की मी सल्फेटवालाच शाम्पू घेते. मात्र सोडियम लॉरिल सल्फेट जास्त कडक असतं आणि लॉरेथ त्यापेक्षा सौम्य, एवढा फरक लक्षात ठेवा. केस कोरडे असतील किंवा रंगवलेले असतील तर पहिल्या पाचात डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट शोधा, ही मळ सौम्यपणे काढतात. फेस कमी येईल. फेस कमी आला म्हणून मळ राहिला असं होत नाही.

काकूंच्या केसांचं दुखणं मात्र बाटलीत कमी आणि पाण्यात जास्त होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी. पाणी तापवायच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला पांढरी खपली धरते, ती कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची. तुमचं पाणी कसं आहे ते घरीच पाहा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी अर्धं भरा, दुसरीत आरओच्या कॅनचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि झाकण लावून खूप हलवा. काकूंसमोर मी हे केलं तेव्हा कॅनच्या पाण्यात बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस आला. बोअरचं पाणी नासक्या दुधासारखं झालं आणि वर पांढरे कण तरंगायला लागले. साबणाने डोकं धुतलं तर हेच कण केसांत बसतात, म्हणून केस चिकट आणि राठ लागतात. शाम्पूने असे कण होत नाहीत, पण क्षार केसांवर थोडेफार चढतातच.

असं पाणी असेल तर यादीच्या शेवटाकडे डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए आहे का पाहा. ते क्षारांना धरून ठेवतं. नावाला घाबरू नका, बोअरवाल्या गावात ते कामाचं आहे. शेवटचे दोन तांबे कॅनच्या पाण्याचे घ्या. क्षार निघावेत म्हणून त्यात लिंबू पिळायचंच असेल तर गाळून पिळा आणि नंतर साध्या पाण्याने अंगावरून पूर्ण धुवून टाका. रस अंगावर राहून ऊन लागलं तर कातडी भाजते, काळे डाग पडतात.

कंडिशनरच्या यादीत अल्कोहोल दिसलं की बाया दचकतात. सेटिल, सेटिअरिल, स्टिअरिल ही मेणासारखी अल्कोहोलं, केस मऊ करतात. अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल केस कोरडे करतात, ती यादीत वर असतील तरच बाटली दुकानात परत ठेवून द्या. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड हा कंडिशनरचा खरा कामकरी आहे. त्याच्यावर धन भार असतो आणि खराब झालेल्या केसावर ऋण, म्हणून पाण्याने धुतलं तरी तो थोडा चिकटून राहतो. डायमेथिकोन हे सिलिकॉन आहे, इजा करत नाही. साचून केस जड वाटले तर एकदा चांगला शाम्पू करा, झालं. लावताना टाळू सोडून फक्त टोकांना लावा.

आता मला जिथे सोसावं लागलं ते. चार वर्षांपूर्वी मी स्वस्त पडतो म्हणून शाम्पूचा पाच लिटरचा कॅन आणला. महिनाभरात बोटांच्या बेचक्यांत खाज, मग पाणी भरलेल्या पुळ्या, मग भेगा. मिरची कापताना डोळ्यांत पाणी यायचं. नागपूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठीला पाणी लावू दिलं नाही. एका पट्टीखाली लाल चकती उठली होती. मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पाणी असलेली वस्तू नासू नये म्हणून घालतात. युरोपात केसांत किंवा अंगावर तसंच राहणाऱ्या मालात त्यावर बंदी आहे, धुवून टाकायच्या मालात ०.००१५ टक्क्यापर्यंतच चालतं. कॅनवरच्या यादीत ते शेवटून दुसरं होतं. मी वाचलंच नव्हतं. तुमची मान, कान किंवा हात डोकं धुतल्यावर खाजत असतील तर आधी हे नाव शोधा, नंतर डीएमडीएम हायडँटॉइन, तेही माल नासू नये म्हणूनच घालतात. सगळ्यांना त्रास होत नाही. ज्याला एकदा झाला त्याला मात्र पुन्हा पुन्हा होतो.

आयुर्वेदिक म्हणून विकतात त्या बाटल्यांवर "प्रत्येक १० मिलीत" असं लिहून वनस्पतींचे आकडे देतात, आणि खाली "शाम्पू बेस, क्यू. एस.", म्हणजे लागेल तेवढा. फेस आणणारं सल्फेट बहुधा त्या दोन शब्दांत असतं. शिकेकाई-रिठ्याची मुळात स्वतःची फेसाळ सॅपोनिनं (साबणासारखी द्रव्यं) असतात, तीच हवी तर वाळलेली फळं आणून रात्री भिजवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

दुकानातल्या रुपया-दोन रुपयांच्या पुडीवर यादी सापडणार नाही. ६० मिलीपेक्षा लहान पॅकला ती छापायची सक्ती नाही. त्याच शाम्पूची मोठी बाटली मेडिकलमध्ये हातात घेऊन वाचा. आणि केस काळे करणारी जी "शाम्पू" पुडी लग्नाच्या आदल्या दिवशी विकत घेतात, तो शाम्पू नाही, रंग आहे. बहुतेकांत पॅराफेनिलीनडायअमीन हे केस काळे करणारं रसायन असतं आणि त्याने चेहरा सुजलेली माणसं मी पाहिली आहेत. कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून ४८ तास वाट पाहा, तेही लग्नाच्या आठवडाभर आधी.

काकूंना मी शेवटी जवसाची जेल शिकवली, जवस तर घरचाच. दोन चमचे जवस, दोन वाट्या कॅनचं पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच जुन्या ओढणीतून पिळून घ्यायची. गार झाली की गाळता येत नाही. ओल्या केसांच्या टोकांना चमचाभर पुरते. हिच्यात टिकवायचं काहीच नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायची आणि आठवड्याच्या आत संपवायची. आंबूस वास आला की फेकायची.